प्रवचन संपलं की बाहेर

ठाण्यातल्या आमच्या चर्चमध्ये रविवारी सकाळी मराठी मिस्सा, म्हणजे मुख्य उपासना, असते. तिच्यात प्रवचन संपल्यावर फादर काही जणांना पुढे बोलावतात, आशीर्वाद देतात आणि बाहेर पाठवतात. हे दीक्षार्थी, म्हणजे मोठेपणी कॅथलिक व्हायचं ठरवलेले, पण अजून बाप्तिस्मा न झालेले लोक. मिस्सेच्या पुढच्या भागात ख्रिस्तप्रसाद दिला जातो आणि तो फक्त बाप्तिस्मा झालेल्यांसाठी असतो. तेवढा वेळ दीक्षार्थींनी शेजारच्या हॉलमध्ये बसून सिस्टरांबरोबर त्या दिवसाच्या वाचनावर बोलायचं, अशी ही फार जुनी पद्धत आहे. बऱ्याच चर्चमध्ये ती पाळत नाहीत. आमच्याकडे फादरांनी बदलून आल्याबरोबर ती सुरू केली आणि तिचं महत्त्व सांगणारी प्रवचनंही दिली. त्याचा कोणाला त्रास नव्हता. बाहेर जाणारे एखाददुसरे तरुण असत, बहुतेक लग्न ठरलेले.

मग एका रविवारी फादरांनी बोलावल्यावर माडीवरून गायनवृंदाची मुख्य गायिका खाली उतरली आणि हॉलकडे गेली. ती माझी बायको.

त्या दिवशी अर्पणाचं गीत माडीवर दोन वेगवेगळ्या सुरांत सुरू झालं. दुसऱ्या कडव्यापर्यंत दोन्ही सूर थांबले. लोकांनी मान वळवून वर पाहिलं, आणि मग माझ्याकडे.

बायको डोंबिवलीतल्या मानपाड्याची, आगरी घरातली. तिची आई धवलारीण होती. लग्नातले विधी तिच्या धवल्यांवर, म्हणजे गाण्यांवर चालत. आईमागून घरच्या लग्नांत ते बायको म्हणू लागली. आमचं लग्न बिशपांच्या परवानगीने झालं. ती तिच्या धर्मात राहिली, मी माझ्या. लग्नानंतरच्या दुसऱ्या नाताळात माडीवरच्या एका बाईंचा घसा बसला. माझ्याबरोबर वर्तकनगरहून नुसती सोबत म्हणून आलेल्या बायकोला कोणीतरी वर ओढलं, आणि ती परत खाली आलीच नाही. फादर येत गेले, बदलून जात गेले. प्रत्येकाला ती वारशात मिळाली.

ती कॅथलिक नाही हे लोकांच्या लक्षात न येण्याचं कारण सरळ होतं. सगळे ख्रिस्तप्रसादासाठी रांगेने पुढे जातात तेव्हा माडीवर कोणीतरी गात राहावं लागतं. ते काम तिचं. गाणाऱ्या बाईने प्रसाद घेतला की नाही हे कोण पाहतो?

बाप्तिस्मा घ्यायचं ठरवल्याचं तिने मला मेथी निवडताना सांगितलं. मी कारण विचारलं.

"एवढी वर्षं सगळ्यांना या, घ्या म्हणतेय," ती म्हणाली. "मलाही घ्यायचाय."

मी पुढचा प्रश्न विचारणार होतो. तिने दुसरी जुडी माझ्यापुढे सरकवली.

फादर वसईकडचे, वयाने आमच्या मुलाएवढे. त्यांना आधी वाटलं, ती दुसऱ्या कोणासाठी चौकशी करतेय. त्यांनीच तिला आदल्या वर्षी उपासना समितीची प्रमुख नेमलं होतं. भानावर आल्यावर त्यांनी विचारायलाच हवं ते विचारलं: कोणी जबरदस्ती केली का, आमिष दाखवलं का. तिने सांगितलं की नवऱ्याने आजवर हा विषयच काढलेला नाही, त्यावरून नवऱ्याबद्दल काय म्हणायचं ते फादरांनी ठरवावं. फादरांनी मग तिला जवळचा रस्ता सुचवला. तुम्हाला काय शिकवायचं, ताई, एखाद्या शनिवारी घरच्या घरी छोटासा विधी करून टाकू.

"बाकीच्यांना वर्षभर दाराशी उभं करता ना?" ती म्हणाली. "मग मलाही करा."

दाराशी उभं करणं हा शब्दशः विधी आहे. पहिल्या दिवशी दीक्षार्थी चर्चच्या बंद दाराबाहेर थांबतात, फादर बाहेर येऊन त्यांना काय हवं ते विचारतात, आणि प्रवेशगीताच्या साथीने त्यांना आत नेतात. अडचण अशी झाली की प्रवेशगीत उचलायला कोणी नव्हतं. तेव्हा बायकोने माडीवर जाऊन गीत सुरू करून दिलं, जिना उतरली, बाजूच्या दाराने बाहेर पडली, आणि स्वतःच्याच गाण्यावर मोठ्या दाराने आत आली. तोवर वरचे लोक ध्रुपद विसरले होते, म्हणून ती परत माडीवर गेली; प्रवचनानंतर ती खाली उतरली ती तिथूनच.

मेहुणा ही बातमी ऐकून मानपाड्याहून आला. त्यांची शेती गेली, तिच्या जागी त्याच्या इमारती आहेत, आणि तो बोलतो ते मोजकं. त्याने चहा घेतला, जेवायला थांबला, जेवणही झालं. आम्ही वादाची तयारी करून बसलो होतो.

"बाय, तुजा देव कुठला त्ये तू बग," तो शेवटी म्हणाला. "पन माजे पोराचे लग्नान धवला कोन बोलंल?"

विधीला दुसरी धवलारीण बोलव, मी तिच्या मागे सूर धरीन, असं तिने सांगितलं. तो लगेच उठला. गाडीत बसताना मला म्हणाला, मंग उगाच घाबरवलंव ना मना, भावजी.

हॉलमधल्या वर्गात तिच्याबरोबर वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीतला तरुण होता. त्याची होणारी बायको कॅथलिक. पाठांतरात तो तिच्यापुढे निघून गेला, कारण बायकोला सगळ्या प्रार्थना चालीसकट येत होत्या आणि चालीशिवाय एकही येत नव्हती. नुसतं बोलायला लावलं की तिसऱ्या ओळीला अडायची, मग मनात सुरुवातीपासून गाऊन तिथवर यायची. ईस्टरआधीच्या उपवासकाळात दीक्षार्थींनी सगळ्यांसमोर श्रद्धेची कबुली म्हणून दाखवायची असते. घरी ती माझ्यासमोर नीट बोलून दाखवत असे. चर्चमध्ये तिसऱ्या ओळीला चाल आलीच, आणि सवयीने अख्खं चर्च तिला साथ देऊ लागलं. फादर शेवटपर्यंत थांबले. सिस्टर म्हणाल्या, कबुली झाली असं धरायला हरकत नाही.

खरी अडचण ईस्टरची होती. मोठ्या माणसांचा बाप्तिस्मा ईस्टरच्या आदल्या संध्याकाळच्या जागरणविधीत होतो. गायनवृंदाचंही वर्षातलं सगळ्यात मोठं काम त्याच संध्याकाळी असतं. दीक्षार्थी पाण्याच्या कुंडाकडे निघतात तेव्हा सर्व संतांची लितानी गातात. एकेका संताचं नाव घ्यायचं, आणि लोकांनी 'आमच्यासाठी विनंती कर' म्हणायचं. ती नावं आजवर बायको घेत आली होती. वृंदाने एक तोड काढली. तिने लितानी आधीच मोबाइलवर म्हणून ठेवावी, म्हणजे स्पीकरवर लावता येईल. उपासनेत ध्वनिमुद्रण चालत नाही, म्हणून फादरांनी ती फेटाळली. मग वृंदाने एकच वर्ष थांबायची विनंती करायचं ठरवलं, आणि ती घेऊन पेटीवाले अंकल आमच्या घरी आले.

अंकल बँकेतून निवृत्त झालेले, ठाण्याच्या जुन्या गावठाणातले, जन्माचे कॅथलिक. माडीवर बायकोच्या शेजारी त्यांची पेटी. त्यांनी चहा घेतला आणि मला बाहेर पाठवता येईल का ते चाचपून पाहिलं. मी बसून राहिलो. तेव्हा ते बोलले. ती ख्रिस्तप्रसादाला कधीच खाली जात नाही हे त्यांच्या पहिल्यापासून लक्षात आलं होतं. कॅथलिक माणूस प्रसाद टाळतो तो मोठं पाप मनावर असेल तर. असं पाप विचारायचं नसतं, म्हणून त्यांनी विचारलं नाही. दर उपवासकाळात ते तिच्यासाठी रोज एक जपमाळ म्हणत आले होते.

"कसलं पाप वाटलं तुम्हाला?" बायकोने विचारलं.

अंकलांनी माझ्याकडे पाहिलं. "हे पेपरात नोकरीला होते ना, रात्र रात्र बाहेर. मला वाटलं, लग्नाचीच काहीतरी भानगड असेल."

बायको इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. मग ती म्हणाली, माझ्यासाठी एवढी प्रार्थना दुसऱ्या कोणी केलेली नाही, तर माझे धर्मपिता तुम्हीच व्हा. अंकल आले होते ते एक वर्ष थांब हे सांगायला. ते होय म्हणाले, जिना उतरले आणि परत वर आले. धर्मपित्याने विधीत दीक्षार्थीच्या खांद्यावर हात ठेवून उभं राहायचं असतं हे त्यांना खाली गेल्यावर आठवलं होतं.

"अगं, पण पेटी?"

पेटीशिवाय होईल, ती म्हणाली.

ही बातमी पोचल्यावर फादर स्वतः आले. त्यांच्या मते ईस्टरनंतर सात आठवड्यांनी, पेंटेकॉस्टच्या सणाला बाप्तिस्मा करणंही नियमात बसत होतं, आणि तेव्हा गाणी कमी असतात. त्यांना हे बोलताना बरं वाटत नव्हतं, ते दिसत होतं.

"फादर, मला आत घेताय की माडीवर ठेवताय?" तिने विचारलं.

फादरांनी चहा नको म्हटलं. जाताना दारात थांबून म्हणाले, शनिवारी वेळेवर या.

त्या संध्याकाळी मी पहिल्यांदाच पुढच्या बाकावर बसलो. चर्चबाहेर अग्नी पेटवला गेला, मेणबत्त्या आत आल्या, वाचनं झाली. फादरांनी नावं पुकारली. बायको उठली, मागे अंकल, त्यांचा हात तिच्या खांद्यावर. माडीवर लितानी सुरू झाली. पहिली काही नावं जमली. मग सूर उतरत गेला, बायकांना तो लागेना, आणि संतांची नावं फक्त पुरुषांच्या खर्जात येऊ लागली. एका ठिकाणी दोन प्रेषित एकदम आले. बायकोची मान वर वळली.

"अंकल, पट्टी खाली गेलीय," ती कुजबुजली.

अंकलांनी खांदा दाबला. "जाऊ दे. तुझ्यासाठीच चाललंय."

तिने मान खाली घेतली. लोक मात्र 'आमच्यासाठी विनंती कर' नेहमीपेक्षा मोठ्याने म्हणत होते. वरच्यांना सावरायला असेल. फादरांनी तिच्या डोक्यावर पाणी ओतलं. त्यांनी जरा जास्तच ओतलं. अंकलांचा बाहीपर्यंतचा हात भिजला, पण त्यांनी तो काढला नाही.

ख्रिस्तप्रसादाच्या वेळी नवे लोक सगळ्यांत आधी जातात. ती पांढऱ्या शालीत, ओल्या केसांनी पुढे गेली. माडीवर कोणीतरी गीत उचललं आणि दुसऱ्या ओळीला सोडलं. पुन्हा कोणी उचललं नाही. बाकी लोक न गाता रांगेने जाऊन आले, चपलांचे आवाज तेवढे ऐकू येत होते. ती माझ्या शेजारी येऊन बसली आणि तिने डोळे मिटले.

प्रसादानंतर आभाराचं गीत असतं. फादर आपल्या आसनावर बसून वाट पाहत होते. माडीवरचे लोक कठड्यावरून खाली वाकून तिच्याकडे पाहत होते. अंकल एकदा खाकरले. मीही तिच्याकडे पाहिलं. तिने डोळे उघडले नाहीत, चेहऱ्यावर घाई अजिबात नव्हती. फादरांनी आणखी थोडं थांबून पाहिलं, मग स्वतःच उठून म्हणाले, आपण प्रार्थना करू या. सगळे उभे राहिले, आणि सगळ्यांबरोबर तीही.