माहेरच्या गावात सासरचं नाव

मागच्या महिन्यात दोनदा माझा फोन लागला नाही म्हणून तुम्ही नातवंडं काळजीत पडलात. मी सिल्लोडकडच्या एका गावात होते, तिथं रेंज नव्हती. का गेले होते, ते फोनवर सांगण्यापेक्षा लिहिलेलं बरं.

आपल्या शेजारच्या काकूंनी त्यांची वरची खोली एका पाहुणीला दिली होती. राहणारी नेदरलँड्सची, वय पंचेचाळिशीच्या आसपास, पण चेहरा आपल्याकडचा. चार वर्षांची असताना इथल्या एका बालगृहातून तिला तिकडे दत्तक दिलं होतं. मराठीचा एक शब्द येत नव्हता. काकूंना इंग्रजी येत नाही, म्हणून त्या तिला माझ्याकडे घेऊन आल्या.

तिच्याजवळ मराठीतला एक कागद होता. त्यावर आईचं नाव, गावाचं नाव, मुलीवरचा हक्क सोडल्याचं एक वाक्य आणि खाली अंगठा. तिला एकच गोष्ट हवी होती. आईनं आपल्याला देऊन टाकलं, की आईकडून कुणी काढून घेतलं, हे आईच्याच तोंडून ऐकायचं. रजा तीन आठवड्यांची.

माझी पद्धत तुम्हाला माहीत आहे. मी वहीत यादी केली: ग्रामपंचायत, मतदारयादी, शाळा, जुनी माणसं. गाडी ठरवून आम्ही गेलो. ग्रामसेवकानं यादी दोनदा पाहिली. सरपंच म्हणाले, "मॅडम, या नावाची बाई या गावात कधी नव्हतीच." शाळेत तेच, पाराजवळ बसलेल्या म्हाताऱ्यांकडेही तेच. परतताना मी तिला स्पष्ट सांगितलं, की कागद खोटा असावा. ती शहर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होती.

आठवड्यानं ती म्हणाली, "अजून एकदा जाऊ." केवळ तिच्या समाधानासाठी मी निघाले. ऊन फार होतं. एका म्हातारीनं ओट्यावर बोलावून पाणी दिलं आणि आपल्याकडे बायका विचारतात तसं विचारलं, "बाई, तुमचं माहेर कुठलं? माहेरचं नाव काय?"

मी नाव सांगितलं आणि तिथंच थांबले. ते नाव मी पन्नास वर्षांत क्वचितच उच्चारलं असेल. लग्नात तुमच्या आजोबांनी ताटातल्या तांदळावर अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं. तेव्हापासून बँकेत, शाळेत, सगळीकडे तेच. पण माझ्या माहेरच्या गावी कुणी या सासरच्या नावानं मला शोधत आलं असतं, तर गावानं हेच सांगितलं असतं की अशी कुणी नाही. कागदासाठी त्या बाईनं सासरचं नाव सांगितलं असलं, आणि हे तिचं माहेर असलं तर? एवढी शिकलेली मी, पण हे माझ्या यादीत नव्हतं.

मी नाव सोडून दिलं. विचारलं, "या गावची कुणी लेक नवऱ्याकडून परत आली होती का? लहान मुलगी होती तिला. चाळीस वर्षं झाली असतील."

"ती व्हय!" म्हातारी लगेच म्हणाली. "नवऱ्यानं टाकलेली. पोरगी शिकाया धाडली म्हणायची. मंग भावानं तिचा पाट लावून दिला, दुसरा संसार थाटून दिला लासूर स्टेशनला. हाये की जित्ती." मग माझ्या पाहुणीकडे बघून आवाज खाली आणला. "पण तिकडं पोरीचं कुणाला ठावं नाय. जपून जा. वळख नाय दिली तर राग मानू नका."

हे शेवटचंही मी पाहुणीला सांगितलं. ती म्हणाली, "तरी जाऊ."

लासूरला ती बाई दारात बसून कांदे निवडत होती. मी तिच्या माहेरच्या गावाचं नाव घेतलं, पाहुणीचं वय सांगितलं आणि कागद पुढे केला. कागदाकडे तिनं पाहिलंही नाही. पाहुणीकडे बघत राहिली आणि मला म्हणाली, "बसा."

मी पाहुणीचा प्रश्न विचारला. ती म्हणाली, "अंगठा माझाच हाये. बळजबरी नाय केली कुणी. म्हणले, हास्टेलात ऱ्हाईल, दोन टाइम जेवंल, शिकंल. दिवाळीला आणाया गेले, तवा म्हणले, लांबच्या साळंत धाडली. लई खेपा घातल्या. मंग दारच उघडंना."

"कागदात काय लिहिलंय ते माहीत होतं?"

"वाचता येत असतं तर अंगठा कशाला दिला असता, बाई?"

बिचारीला फसवलं, असं सोपं वाक्य माझ्या तोंडाशी आलं होतं. ते मी गिळलं आणि ती बोलली तसंच, अंगठ्यासकट सांगितलं. पाहुणीनं विचारलं, "म्हणजे ती मला न्यायला आली होती?" पुन्हा तेच विचारलं. मी दोन्ही वेळा हो म्हटलं.

तेवढ्यात त्या बाईचा मुलगा बाजार समितीतून जेवायला आला. हमाली करतो, चाळिशीला टेकलेला. "ह्या कोण?" त्यानं विचारलं. 'माझी पाहुणी' हे उत्तर मी तयार ठेवलं होतं. पण आईनं हातातला कांदा खाली ठेवला.

"तुही बहीण. माही पहिली."

तो माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मीच काही केलंय. मग आईला म्हणाला, "इतकी वर्सं सांगितलं का नाय?"

"तू इचारलं व्हतं का कधी?"

त्यानं खांद्यावरचा टॉवेल काढून चटई झटकली. "आक्का, बस. भाकर चालती ना?"

तुम्ही पुरावा मागणार हे मला ठाऊक आहे. नंतर डीएनए तपासणीला दोघींची लाळ पाठवली, निकाल जुळला. पण त्या दुपारी निकाल वगैरे काही नव्हतं. आम्ही जेवायला बसलो. आईनं लेकीच्या ताटातला ठेचा उचलून माझ्या ताटात टाकला. "हिला तिखट सोसत नाय," ती म्हणाली.

मी ते इंग्रजीत सांगितलं. पाहुणी म्हणाली, "अजूनही नाही सोसत." ते मी मराठीत सांगितलं.