राहिलेले दोन टाके

मावशींच्या दुकानाला पाटी नव्हती. जिन्याखालची जागा, एक दिवा, एक स्टूल आणि दारात खुर्ची टाकून बसलेले त्यांचे यजमान, एवढाच पसारा. चोवीस वर्षं त्या रफू करत होत्या. कपड्याच्याच आतल्या दुमडीतून धागे उपसायचे आणि भोकावर उभे-आडवे असे विणत जायचे, की ज्याचा कपडा त्यालाही नंतर जागा सापडू नये. काम दिसलं नाही म्हणजेच ते चांगलं झालं. त्यामुळे मावशींनाही कुणी फारसं ओळखत नव्हतं आणि त्यांचं त्यावाचून काही अडलं नव्हतं.

घोळ घातला तो यजमानांनी. बस चालवण्याच्या नोकरीतून निवृत्त झाल्यापासून येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलणं हाच त्यांचा उद्योग होता. दहा महिन्यांपूर्वी साध्या वेशातला एक पोलीस राखाडी कोट घेऊन आला. एका गोदामाच्या पहारेकऱ्याचा खून झाला होता आणि हा कोट गोदामामागच्या पाण्याच्या टाकीत सापडला होता. लेबल कापलेलं, खिसे रिकामे. फक्त डाव्या खिशाखाली एक धागा वर आलेला. पोलीस सात-आठ शिंप्यांकडून नकार घेऊन आला होता. मावशी ‘नाही’ म्हणायला तोंड उघडणार, तेवढ्यात यजमानांनी चष्मा लावला आणि मुलगी परीक्षेत पहिली आल्यासारखं सांगून टाकलं, “अहो, हा तर आमच्या हिचा हात.”

तरी तिथेही निभावलं असतं. पण मावशींना तो धागा दिसला आणि त्यांचं डोकं सणकलं. “शेवटचे दोन टाके राहिलेत,” त्या म्हणाल्या. “डोक्यावर उभा राहिला होता. टाकूच दिले नाहीत.”

“कोण?”

“मालक.”

मालक म्हणजे कुणाचा मालक, हे त्या भागात विचारावं लागत नसे. गोदामं, ट्रक, गाड्या लावायच्या जागा, सगळ्यांवर त्याचाच हात. पोलिसाने लिहून घेतलं, मावशींनी सही केली आणि त्याच दिवशी संध्याकाळी यजमानांनी ही हकिगत चार ठिकाणी रंगवून सांगितली.

मालकाला अटक झाली, आणि मावशींच्या मागे दोन्हीकडची माणसं लागली.

सरकारी वकील बाई गोड बोलायच्या. तुम्ही आमचा कणा आहात, मावशी, असं म्हणायच्या आणि बोलता बोलता फोन घ्यायच्या. तारखेला मावशी सकाळी नऊला बाकावर जाऊन बसत. दुपारी कळायचं, आज न्यायाधीश रजेवर. आज समोरचे वकील आजारी. आज फाईलच आली नाही. अशा सहा तारखा गेल्या. सहाव्या वेळी मावशींनी विचारलं, मला यातून वगळता नाही का येणार? तेव्हा बाईंनी पहिल्यांदा फोन उलटा ठेवला. तुमची सही आहे, म्हणाल्या. आता फिरलात तर खोटी साक्ष दिल्याचा खटला तुमच्यावर होईल.

संरक्षण म्हणून एक हवालदार दिला होता. तो मावशींच्याच स्टुलावर बसून पेंगायचा. त्याला बघून गिऱ्हाइकं रस्त्याच्या पलीकडूनच निघून जायची. दुसऱ्या आठवड्यात त्याने स्वतःची पँट आणली, कंबर दोन बोटं सैल करून द्याल का म्हणून.

मालकाकडून जो माणूस यायचा, त्याचं नाव मावशींनी मनातल्या मनात ‘कडक इस्त्री’ ठेवलं होतं. त्याने कधी आवाज चढवला नाही. तो कपडे आणायचा. पहिल्यांदा एक शर्ट, मग जाकीट, मग एक लोकरी शाल. हवालदाराला नमस्कार करून रीतसर पावती घ्यायचा. सगळं नवंकोरं, आणि प्रत्येकाला डाव्या बरगडीच्या जागी एक चीर. ही जागा झिजून फाटली नव्हती. पात्याने सरळ कापली होती. मावशींनी हवालदाराला दाखवलं. तो म्हणाला, गिऱ्हाईक आहे, मावशी, पैसे देतोय ना? वकील बाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, यात धमकी असं काय लिहू मी?

यजमान म्हणाले, “अगं, निदान धंदा तरी चालू आहे.” त्या दिवशी मावशी त्यांच्याशी रात्रीच्या जेवणापर्यंत बोलल्या नाहीत, आणि जेवतानाही फक्त मीठ मागितलं.

साक्षीच्या आदल्या दिवशी कडक इस्त्रीने निळा कोट आणला. मावशींनी तो उलगडला आणि त्यांचे हात थांबले. तिसरं बटण वेगळ्या दोऱ्याने लावलेलं होतं. तो दोरा त्यांनीच ओवला होता. कोट त्यांच्या मुलीचा होता. ती दवाखान्यात पोरांचे दात तपासायची आणि कोट तिथल्या खुंटीला लावून ठेवायची. चीर नेहमीच्याच जागी होती.

“उद्यानंतर दिलात तरी चालेल,” तो म्हणाला. “घाई करायची की नाही, ते तुमचं उद्याचं कोर्टातलं काम बघून ठरवू, मावशी.”

मावशींनी कोट पिशवीत तळाशी घातला. मुलीने संध्याकाळी विचारलं, माझा कोट पाहिलास का गं? मावशी म्हणाल्या, बटण सैल होतं, मी आणलाय. त्यांचं ठरलं होतं. कोर्टात सांगायचं, हे काम माझं नाही. म्हातारपणी नजर चुकली. खटला व्हायचा तर होऊ दे.

दुसऱ्या दिवशी फाईल आली, न्यायाधीश आले, सगळेच आले. मालक पिंजऱ्यात हात बांधून उभा होता. वकील बाईंनी राखाडी कोट मावशींच्या हातात दिला आणि विचारलं की हा रफू कुणी केला.

“माझं काम नाही हे,” मावशी म्हणाल्या. आवाज बरा लागला.

बाईंचा चेहरा पडला. त्यांनी जुना जबाब वाचून दाखवला. मावशी नाहीच म्हणाल्या. मग मालकाचा वकील उठला, समाधानाने. असं काम शहरात कुणीही करू शकतं ना? हो. हा धागा विणीतला दोषही असू शकतो? असू शकतो. तुमची नजर आता अधू झाली आहे? झाली आहे. सगळं सुरळीत चाललं होतं.

“बाई,” न्यायाधीश मधेच म्हणाले, “तुम्ही काय करताय?”

मावशींनी खाली पाहिलं. स्वेटरच्या गळ्याशी टोचलेली सुई त्यांच्या हातात होती. ती तिथे कायम असायची, त्या झोपताना तेवढी काढायच्या. कोट उलटा झाला होता, वर आलेला धागा सुईत ओवलेला होता आणि एक टाका पडला होता. दुसरा अर्ध्यावर होता.

मालकाचा वकील हळूच खाली बसला.

“काम तुमचं नाही, तर पुरं का करताय?” न्यायाधीशांनी विचारलं.

मालक त्या दिवशी पहिल्यांदाच मावशींकडे बघत होता. मावशींना स्वतःच्या हातांचा असा संताप आला, जसा यजमानांचाही कधी आला नव्हता. दहा महिने सगळ्यांनी त्यांना ओढलं होतं, आणि शेवटी हे दोन हातही दुसऱ्याचेच निघाले. आता काहीही सांगितलं तरी कोण ऐकणार होतं?

“माझंच आहे,” त्या म्हणाल्या. “ह्यानेच आणला होता. तेव्हाही असाच बघत होता.” मग बाईंकडे वळून, “माझ्या मुलीचा कोट कापलाय यांनी. आता तरी लिहून घ्या.”

आता लिहून घेतलं. वकील बाईंनी बाहेर त्यांचा हात धरून शाब्बास म्हटलं आणि सांगितलं की मालकाच्या वकिलाने वेळ मागितला आहे, उलटतपासणीसाठी पुन्हा यावं लागेल. तारीख कळवू.

मुलीला त्याच संध्याकाळी सगळं सांगावं लागलं. ती म्हणाली, “बाबांना बोलून टाकायची सवय आणि तुला लपवायची. मला विचारायचं कुणी?” सकाळच्या बसने तिने दूरच्या आत्याकडे जायचं, निकाल लागेपर्यंत तिथेच राहायचं, असं ठरलं. दवाखान्याने बिनपगारी रजा दिली. सोबत हवालदार जाणार होता. यजमानांनी बॅगेला दोरी बांधली, सोडली, पुन्हा बांधली.

उजाडता उजाडता मावशींनी निळा कोट तिच्या अंगावर चढवला. मुलीने दिव्याखाली उभं राहून डाव्या बाजूवरून बोट फिरवलं, मग उजव्या.

“कुठे कापलं होतं गं?”

मावशींनी दोन्ही हात स्वेटरच्या खिशात घातले आणि घट्ट दाबून धरले.

“शोधत बसू नकोस,” त्या म्हणाल्या. “बस चुकेल.”