अप्पा प्रयोगशाळेत यायला लागले

आई लिंगैक्य झाली आणि पाहुणे एकेक करून परतले, तेव्हा मी अप्पांना लातूरहून नांदेडला घेऊन आले. त्यांनी नाही म्हटलं नाही, हो पण म्हटलं नाही. कपड्याच्या दुकानाला कुलूप लावलं, किल्ली बंडीच्या खिशात टाकली आणि गाडीत मागे जाऊन बसले. अहमदपूर गेलं, लोहा गेलं, अप्पा खिडकीबाहेर बघत राहिले. दुकानात बसून गिऱ्हाइकाशी तासन् तास बोलणारा हा माणूस घरी पोचेपर्यंत एक शब्द बोलला नाही.

आई गेली ती दुपारी, घरात एकटी असताना. अप्पा दुकानात होते. शेजारीण धावत सांगायला गेली तोवर सगळं संपलं होतं.

नांदेडला माझं घर दिवसभर रिकामं असतं. मी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते, नवरा भोकरच्या बँकेत आहे, मुलगा शिकायला बाहेरगावी. एका संध्याकाळी परत आले तर सकाळी झाकून ठेवलेलं ताट तसंच होतं आणि अप्पा गॅलरीतल्या त्याच खुर्चीत. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हटलं, "अप्पा, चला माझ्याबरोबर कॉलेजात."

"मी काय करू तिथं?"

"इथं तरी काय करताय?"

त्यांनी टोपी घातली.

त्या वर्षी आमच्याकडे सेमीकंडक्टरचा, म्हणजे मोबाईल-संगणकातल्या चिप बनवण्याचा, नवा अभ्यासक्रम सुरू झाला होता आणि त्याची प्रयोगशाळा माझ्याकडे होती. प्रयोगशाळा म्हणजे एका मोठ्या हॉलमध्ये उभी केलेली काचेची खोली. आत एक रोबोट. परराज्यातल्या एका कारखान्यानं नवी यंत्रं घेतली तेव्हा हा जुना आमच्या वाट्याला आला. खांबावर बसवलेला, कोपरात दुमडणारा एक हात, आणि पंजाच्या जागी पातळ, सपाट पातं. शेजारी प्लास्टिकचा डबा, त्यात एकावर एक खाचा, आणि प्रत्येक खाचेत सिलिकॉनची एकेक चकती. फुलक्याएवढी गोल, नखासारखी पातळ, आरशासारखी चकचकीत. हात खाचेत शिरतो, चकतीच्या खाली जातो, अलगद वर येतो, पात्याच्या भोकांतून हवा ओढून चकती धरून ठेवतो आणि पलीकडच्या जागेवर नेऊन ठेवतो. एवढंच त्याचं काम.

"ह्याला वेफर म्हणतात," मी अप्पांना सांगितलं.

"केळाचे असत्यात ते?"

माझ्यामागे उभ्या असलेल्या मुली हसल्या. अप्पा पण किंचित हसले. कितीतरी दिवसांनी.

"एवढीशी चकती उचलाया एवढं मोठं यंत्र? माणसानं उचलली तर काय होतंय?"

"माणसाच्या अंगावरून सारखी धूळ गळते, अप्पा. कातडीची, केसांची, कपड्यांची. त्या चकतीवर पुढे इतकं बारीक काम होतं की एक कण पडला तरी तेवढा भाग वाया जातो."

"नुसतं उभं राहिलं तरी गळती?"

"नुसतं उभं राहिलं तरी."

त्यांनी स्वतःच्या हाताकडे बघितलं. मग विचारलं, "मग तू काय करतीस इथं, माय?"

"त्याला जागा शिकवते. डबा कुठं आहे, खाच किती उंचीवर आहे, किती आत जायचं, कुठं थांबायचं. त्याला डोळे नाहीत. आपण दाखवू तेवढंच त्याला ठाऊक."

खरी अडचण आत जाताना आली. काचेच्या खोलीत जायचं तर डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झगा, टोपी, मास्क, हातमोजे घालावे लागतात. पावडर, काजळ, कुंकू काही चालत नाही. आमची खोली काही कारखान्याइतकी स्वच्छ नव्हती, पण मुलांना सवय लागावी म्हणून मी नियम पाळत होते. मुली दारातल्या बेसिनवर काजळ पुसून आत जात. अप्पांच्या कपाळावर विभूतीचे तीन आडवे पट्टे. सकाळची लिंगपूजा झाली की ते लावतात. मी जन्मात त्यांचं कपाळ कोरडं पाहिलं नव्हतं. मी चाचरत सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "मग मी हितंच बसतो. काचंतून दिसतंय की."

आणि ते रोज बसू लागले. सकाळी माझ्याबरोबर यायचे, काचेसमोरच्या खुर्चीत बसायचे. मुलं त्यांना चहा आणून द्यायची. हळूहळू कोण कुठल्या गावचं, कुणाच्या घरी किती जनावरं, कुणाच्या बहिणीचं लग्न ठरलंय, हे सगळं अप्पांना माहीत झालं. मला त्यातलं निम्मं ठाऊक नव्हतं.

मुलांमध्ये एक अर्धापूरची मुलगी होती. केळीच्या बागायतदाराची. वर्गात गप्प, पण पेंडंट, म्हणजे रोबोट चालवायचा तो जाडजूड रिमोट, हातात आला की वेगळीच. बाकीची मुलं बटण दाबून हात एकदम पुढे घेत. ही थोडं थोडं सरकवायची, खाली वाकून डोळा खाचेच्या पातळीला आणून बघायची, मग परत थोडं. अप्पांची ती लाडकी झाली. बाहेर आली की अप्पांजवळ येऊन बसायची, त्यांच्या डब्यातली धपाटी खायची.

एका दुपारी लाईट गेली. आमचा बॅटरीचा आधार पंखा-दिव्यापुरताच होता, रोबोट बंद पडला. लाईट आली तेव्हा मी प्राचार्यांच्या बैठकीला गेले होते. त्या मुलीनं यंत्र पुन्हा सुरू केलं आणि सकाळी स्वतःच शिकवून ठेवलेल्या खाचांवर हात पाठवला. पातं चकतीच्या खाली जायच्याऐवजी थेट तिच्या कडेवर गेलं. सिलिकॉन वाकत नाही, तुटतं. हात थांबवेपर्यंत त्यानं वरच्याही दोन-तीन चकत्या फोडल्या होत्या. मी धावत आले तेव्हा डब्यात चकाकणारे तुकडे होते आणि ती मुलगी झगा न काढताच काचेबाहेर उभी होती. मास्कच्या वरचे डोळे तेवढे दिसत होते. अप्पा तिच्या खांद्यावर हात ठेवून उभे होते.

"मॅडम, मी सकाळी नीट शिकवलं होतं," एवढंच ती म्हणाली.

"बघू या. तू घरी जा आज," मी म्हटलं. मला वाटलं, तिला विसावा मिळेल. तिनं त्याचा अर्थ भलताच लावला असावा. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. फोन उचलेना. मैत्रिणीकडून निरोप आला की ती कोर्स सोडणार आहे.

तोवर मी रोबोट उघडून बसले होते. प्रत्येक वेळी सुरू झाल्यावर हा हात आधी आपली शून्याची जागा शोधतो आणि तिथून सगळी अंतरं मोजतो. ती जागा दाखवायला आत धातूची एक बारीक पट्टी असते. तिचा स्क्रू सैल झाला होता. कारखान्यातून इथवर ट्रकमधून येताना झाला असेल, नाहीतर आधीपासूनच असेल. पट्टी केसभर खाली सरकली होती, म्हणून लाईट गेल्यानंतर त्याचं शून्यच चुकलं आणि मुलीनं बरोबर शिकवलेली प्रत्येक उंची चुकली. मी पट्टी मूळ जागी आणून स्क्रू आवळला, तिनं सकाळी साठवलेल्या जागांवर हात पाठवून पाहिला. बरोबर बसला. एकाही चकतीला धक्का नाही.

मी बाहेर येऊन अप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "फोन कशाला करतीस? जाऊन सांग. मी पण येतो."

अर्धापूर काही लांब नाही. रस्त्याला दोन्ही बाजूंनी केळी. मुलीचे वडील अंगणातच होते. आम्हाला बघून ते गडबडले, बाज पुढे ओढली, आत पाणी आणायला सांगितलं.

"मॅडम, पोरीनं नासधूस केली म्हणून..."

"तिनं काही केलं नाही. तेच सांगायला आलेय. यंत्रातच दोष होता."

ती दाराच्या आड उभी असावी. बाहेर आली. मी तिला सगळं सांगितलं: पट्टी, स्क्रू, शून्य. मोबाईलवर काढलेला फोटो दाखवला. तिनं तो मोठा करून बघितला, बराच वेळ.

"म्हणजे मी शिकवलेलं बरोबर होतं?"

"तुझ्याच जागांवर हात पाठवून पाहिला. बरोबर बसला."

"पण सुरू झाल्यावर मी एकदा तपासायला पाहिजे होतं, मॅडम."

"हो. पुढच्या वेळी तपास. ते आता आपण सगळ्यांनाच शिकवू. पण फुटलं ते तुझ्यामुळं नाही."

ती रडली नाही. आत गेली आणि आमच्यासाठी चहा घेऊन आली. तिचे वडील म्हणाले, "चार दिस झालं, नीट जेवली न्हाई बघा. मी म्हटलं, जा, माफी मागून ये. तर म्हणती, कोणत्या तोंडानं जाऊ?"

अप्पा म्हणाले, "आता मी आलोय तुला न्यायला. उद्या सकाळच्या गाडीनं यायचं. माझी धपाटी खाणारं कुणी न्हाई."

परतताना केळीची बाग मागे पडली. नांदेड जवळ आलं, रस्त्यावर ऑटोंची गर्दी सुरू झाली, तेव्हा ते म्हणाले, "खरंच तिची चूक न्हवती का? का तिला बरं वाटावं म्हणून म्हणलीस?"

"खरंच नव्हती, अप्पा."

"तुझ्या आईला तपासाया आलेले डॉक्टरपण तसंच म्हणले. म्हणले, तुम्ही घरी असता तरी काही करता आलं नसतं. मला वाटलं, सांगायचं म्हणून सांगाया लागलेत."

मी गाडी कडेला घेतली.

"मी पण डॉक्टरांशी बोलले होते," मी म्हटलं. "एकटीच. मला काही खोटं सांगायची त्यांना गरज नव्हती. एका मिनिटात झालं, अप्पा. ती बसल्या जागी गेली."

"त्या दिवशी दुपारी जेवाया घरी जाणार होतो. गिऱ्हाईक आलं."

"ठाऊक आहे."

त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. मागून एक बस हॉर्न देत गेली. थोड्या वेळानं ते म्हणाले, "चल माय. जावई यायची वेळ झाली."

मुलगी दुसऱ्या दिवशी आली. तिच्या हातात केळाच्या वेफर्सची भली मोठी पिशवी होती, त्यावरून दिवसभर हशा झाला. संध्याकाळी तिला नव्या डब्याच्या सगळ्या खाचा शिकवायच्या होत्या. ती अप्पांना म्हणाली, "आजोबा, आज तुम्ही आत या ना. बाहेरून पातं नीट दिसत न्हाई."

मी मध्ये पडायला गेले. अप्पांनी हातानं थांबवलं. ते बेसिनपाशी गेले, कपाळ धुतलं, पुसलं. "पूजा झालीया," मला म्हणाले. "लावायची तेवढी लावून झाली." गळ्यातलं लिंग झग्याच्या आत राहिलं. पांढऱ्या कपड्यांत, मास्कमध्ये, ते एवढेसे दिसले की मला क्षणभर ओळखू आले नाहीत. मुलगी खाली वाकून पेंडंटवरची बटणं दाबत होती, अप्पा तिच्या शेजारी गुडघ्यांवर हात टेकून वाकले होते. पातं चकतीखाली गेलं, वर आलं, चकती उचलली गेली. दोघंही श्वास धरून बघत होते. ती जागेवर ठेवली गेली तेव्हा अप्पा सरळ झाले आणि म्हणाले, "आता दुसरी."

त्या मुलीला पुढे परराज्यात कारखान्यात नोकरी लागली. मुलाखतीत तिला विचारलं होतं, लाईट जाऊन आल्यावर तू काय करशील? तिनं काय उत्तर दिलं ते मला फोन करून सविस्तर सांगितलं. तिच्या वडिलांनी तिला सोडायला जाताना स्टेशनवरून अप्पांना फोन केला होता, मला नाही.

अप्पा मात्र माझ्याकडे राहिले नाहीत. ती बॅच संपली तसं एका सकाळी म्हणाले, दुकान उघडतो. मी पुष्कळ समजावलं. तिथलं घर मोठं आहे, तुम्ही एकटे, जेवणाचं काय. ते ऐकून घेत राहिले आणि बॅग भरत राहिले. बसस्टँडवर लातूरची गाडी लागली तेव्हा मी विचारलं, "करमेल का तुम्हाला तिथं?"

"ते गेल्यावर कळंल," ते म्हणाले.

पहिले काही दिवस करमलं नाही, हे त्यांनीच नंतर सांगितलं. दुपारी दुकान बंद करून घरी जातात आता. स्वतःपुरती भाजी करतात, चांगली जमते म्हणे. शेजारीण भाकरी आणून देते. मी दर पंधरवड्याला जाऊन येते. गेल्या खेपेला गेले तर दुकानात एका गिऱ्हाइकाला ते काच, झगा आणि तो हात कसा चकती उचलतो हे हातवारे करून सांगत होते. गिऱ्हाईक परकराचं कापड घ्यायला आलेली एक म्हातारी होती. तिला कापड दाखवायचं ते विसरूनच गेले होते, म्हणून मी आत जाऊन ठाण काढून आणलं.