करपलेल्या लिंबाचा सौदा

दारातला कडुलिंब शेंड्याकडून करपायला लागला, तेव्हा माझ्या धाकट्या दिरांनी नांदूरघाटहून लाकूडवाल्या चाचांना बोलावून आणलं. माझ्या शेळ्या त्याच झाडाखाली बांधलेल्या असतात. उन्हाळ्यात त्यांना पत्र्याखाली कोंडलं तर जगायच्या नाहीत.

"वहिनी, आज लाकूड हाय. पुढच्या साली नुसतं सरपण ऱ्हाईल," दीर म्हणाले.

"ऱ्हाऊ द्या. माझ्या चुलीला चालतंय."

"बाई, रोग लई खराब हाय," चाचा म्हणाले. "खालच्या मुलखातून चढत आलाय."

ते खोटं नव्हतं. पूर्वी दसऱ्यानंतर कडक ऊन पडायचं, झाडांवरची ओल खडखडीत वाळायची. आता पाऊस दिवाळीपर्यंत रेंगाळतो. कृषी सहायकांनी सांगितलं होतं, ही बुरशी आहे, तिला अशीच ओल मानवते आणि वाळक्या काटक्यांवरून ती पावसात पसरते.

आणि काटक्या तर माझ्या दारातच होत्या. ऊसतोडीला जाणारी घरं निघण्याआधी मागे राहणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी सरपण रचून ठेवतात. त्या साली वस्तीतल्या करपलेल्या लिंबांच्या फांद्या फुकट मिळाल्या. त्या सगळ्यांनी माझ्या लिंबाखाली रचल्या, बुंध्याला टेकवून, पार खालच्या डहाळ्यांना भिडेपर्यंत. दाट झाडाखाली सरपण कमी भिजतं म्हणे.

चाचांना चहा पाजून वाटेला लावलं आणि मी ती गंज उपसायला घेतली. शेजारच्या आत्याबाई काठी टेकत आल्या.

"कावून गं, माझ्या सरपणावर डोळा हाय का?"

"ह्या काटक्यांनी झाड आणखी आजारी पडंल, आत्याबाई."

"लाकडाला कुठं पडसं होतंय का?"

"तुमच्या लाकडाला झालंय. माझ्या पत्र्याखाली ठेवते. आधी हेच जाळा."

त्या पुटपुटत गेल्या, पण जाळलं तेच. आभाळ उघडून चांगलं ऊन पडल्यावर मी कोयता घेऊन शिडीवर चढले. करपलेला प्रत्येक शेंडा हिरव्या भागापर्यंत उतरवला आणि झाडापासून लांब नेऊन पेटवून दिला. वस्तीवरचे लोक हसले. झाड पिसं उपटलेल्या कोंबडीसारखं दिसत होतं, हसणारच. उन्हाळ्यात त्याला पालवी फुटली. सावली विरळ होती, पण शेळ्या तगल्या.

यंदा पाऊस पुन्हा लांबला. शेंडे पुन्हा काळे पडले. दीर वर बघत म्हणाले, "वहिनी, अशा किती साल छाटत बसणार?"

"पाऊस जितकी साल लांबंल तितकी. शिडी धरा."