खाकी कागदातली रहस्यकथा

मुलांनो, परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, की आजी, तुझ्या कपाटात एकाच पुस्तकाला खाकी कव्हर का आहे. विसरण्याआधी लिहून ठेवते.

इथे अमेरिकेत आमच्या शनिवारच्या फार्मर्स मार्केटमध्ये एक आमिश बाई जॅम विकते. आमिश म्हणजे वीज-मोटारींपासून लांब, जुन्या पद्धतीने राहणारे ख्रिस्ती लोक. तिच्या पंथात फोटो काढून घेत नाहीत, मुलींच्या बाहुल्यांनाही चेहरा नसतो. हातातलं काम संपल्याशिवाय ती उत्तर देत नाही. किंमत विचारली तरी आधी बाटलीच्या कागदावर दोऱ्याची गाठ मारते, मग बोलते.

एकदा पिशवीतून माझी कादंबरी तिच्या टेबलावर पडली. आमिश वस्तीतल्या खुनाची. मुखपृष्ठावर तिच्यासारखीच टोपी घातलेल्या मुलीचा फोटो, गालावर रक्त. मला वाटलं, आता ही माझ्याशी बोलणं सोडणार. तिने माझी जॅमची बाटली खाकी कागदात गुंडाळली, गाठ मारली.

"कोणी मारलं हिला?"

"अजून कळलं नाही. आणि ही खरी आमिश नाही हो, मॉडेल आहे."

"चेहरा तर खरा आहे ना."

तसल्याच कागदाचं तिने पुस्तकाला कव्हर घातलं, शाळेत आम्ही घालायचो तसंच, कोपरे आत दुमडून.

"आता वाचा. आणि खुनी कोण, ते मला सांगा."

पुढच्या शनिवारी सांगितलं, "सासरा."

तिने सावकाश गाठ मारली. "वाटलंच मला."

कव्हरवर जॅमचा एक डाग पडलाय. पण मी ते काढलेलं नाही, आणि अजून ते घट्ट बसलेलं आहे.