खरंच दमले होते

नववीत मी वर्गात सगळ्यात जाड होते आणि माझ्या बाकावरची मैत्रीण सगळ्यात काटकुळी. दोघींनाही पळण्याचा तास नको वाटायचा. पण सरांच्या लेखी आम्ही दोघी सारख्या नव्हतो.

शाळा केडगावजवळ. दौंडला तालुक्याच्या स्पर्धा होत्या, म्हणून पीटीच्या सरांनी सगळ्या वर्गाला मैदानाभोवती पळवायला सुरुवात केली होती. नंबर कुणाचा येणार ते सगळ्यांना ठाऊक होतं, तरी पळायचं सगळ्यांनी. मैत्रीण मागं राहिली की सर म्हणायचे, "अशक्त आहे पोरगी. जा, लिंबाखाली बस." मी मागं राहिले की म्हणायचे, "खाताना दम लागतो का गं?" पोरं फिदीफिदी हसायची.

मला खरंच दम लागायचा. कानात ठोके ऐकू यायचे, मांड्या एकमेकींवर घासून सोलपटायच्या, घशात लोखंडासारखी चव यायची. ज्या फेरीत बाकीच्या पोरी गप्पा मारत पळायच्या, त्या फेरीत माझ्या तोंडून एक शब्द फुटत नव्हता. अंगावरचं सगळं वजन घेऊन मीच पळत होते ना! मग दमले किती, हे दुसऱ्यानं का ठरवायचं?

त्या दिवशी ऊन कडक होतं. सरांनी आधी मैत्रिणीला विचारलं, "दमलीस?"

"थोडी," ती म्हणाली. तिला सावली मिळाली.

मग मला विचारलं.

"लय दमले, सर."

"नाटकं! अजून एक फेरी. चरबी जरा झडू दे."

मी पळाले. अर्ध्यात डोळ्यांपुढं काजवे चमकले आणि फक्कीच्या पांढऱ्या रेषेवरच मी ओकले. सरांनी लांबूनच ओरडून सांगितलं, "माती टाक त्याच्यावर." पाणी पी, असं कुणी म्हणालं नाही.

तेवढ्यात मैत्रीण सावलीतून उठून आली. घाबरलेली होती, पण बोलली. "सर, मला न्हाई एवढा दम लागला. थोडी म्हणले ते खरंच थोडीच व्हते. तिला बसवा. तिच्या गळ्याची शीर बघा कशी उडतीय."

"तुला शहाणपण विचारलं का?" सर म्हणाले आणि आम्हा दोघींना तास संपेपर्यंत उन्हात उभं केलं.

माझे आप्पा सणसवाडीला कंपनीत होते, तिथंच खोली करून राहायचे. सुट्टीला आले तेव्हा मी सगळं सांगितलं. वाटलं, ते तरी चिडतील. ते म्हणाले, "सर तुझ्या भल्याचंच सांगत्यात. उद्या लगीन कोण करंल?" आईनं त्या रात्री माझ्या ताटातली अर्धी भाकरी काढून भावाच्या ताटात टाकली. तो माझ्याहून जास्त खायचा, पण वाळका होता, म्हणून त्याला कुणी काही म्हणत नव्हतं. मी ताट सरकवून उठले. रडले नाही. रडायला यावं एवढी मी दुःखी नव्हतेच, अंगाची नुसती लाही होत होती.

पुढच्या तासाला शिट्टी वाजली. सगळे पळाले. मी चालायला लागले. सर ओरडले, "पळ!"

मी म्हणाले, "सर, मी चालणार. दम लागला की थांबणार. मारायचं तर मारा."

मागून मैत्रीण आली आणि माझ्या बरोबरीनं चालू लागली. सर शिव्या देत राहिले, पण हात उचलला नाही. वर्षभर आम्ही दोघी चालतच राहिलो. गंमत म्हणजे दिवाळीनंतर मला त्याच मैदानावर चालता चालता बोलता येऊ लागलं. सरांना ते कधी दिसलं नाही. त्यांनी विचारलंही नाही.

मैत्रीण आता शिरूरला असते. परवा फोनवर म्हणाली, "सोड गं, झालं ते झालं." मी नाही सोडलेलं. एका पोरीनं दमले म्हणून सांगितलं होतं, आणि एवढ्या माणसांत ते फक्त दुसऱ्या एका पोरीला खरं वाटलं.