मामांची कॉलेज-तपासणी

माझ्या बायकोच्या थोरल्या भावाइतका संतापी माणूस अख्ख्या करवीर तालुक्यात जन्मला नसेल, आणि जन्मला असेल तर तो आमच्या नात्यात नाही एवढीच देवाची कृपा. हा माणूस चहा गार आला म्हणून चिडतो आणि गरम आला तर जीभ भाजली म्हणून चिडतो. जोतिबाला गेला की गर्दीवर चिडतो. एकदा गर्दी नव्हती, तर लोकांना देवाधर्माचं काही राहिलं नाही म्हणून पायऱ्यांवर उभा राहून ओरडला. दुकानातली वस्तू चालवून दाखवल्याशिवाय घेत नाही. मिक्सर घ्यायला मला सोबत नेलं, तेव्हा पिशवीतून शेंगदाणे काढून दुकानदाराकडून कूट करून घेतलं, ते जाडसर झालं म्हणून त्यालाच सुनावलं आणि कूट तेवढं पुडीत बांधून घरी आणलं. मिक्सर तिथंच राहिला. मी शरमेनं अर्धा झालो.

अशा माणसाला माझ्या लेकीच्या, गौरीच्या, शिक्षणात नाक खुपसायला कुणी सांगितलं होतं? पण पडले मामा. बारावीनंतर तिच्यापुढं दोन वाटा होत्या. एक इंजिनिअरिंगची नेहमीची पदवी, गणित आणि डिझाइनवर भर असलेली. दुसरी इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजीची, जिच्यात निम्मा आठवडा कारखान्यात मशीनवर काम. गौरीला दुसरीच हवी होती. दादा म्हणेल तसं करू, असं म्हणून बायको मोकळी झाली, आणि प्रवेशाच्या अगदी शेवटच्या दिवशी हे महाशय आम्हाला घेऊन दोन्ही कॉलेजं तपासायला निघाले.

पहिल्या कॉलेजात त्यांनी थेट वर्कशॉप गाठलं आणि लेथ मशीन चालू करून दाखवायला सांगितलं. तिथले सर नम्रपणे म्हणाले की सध्या ते बंद आहे, आणि पहिल्या वर्षी तशी त्याची फारशी गरजही पडत नाही. मामांचा आवाज कळंब्यापर्यंत गेला असेल. "वर्सभर पोरीनं ह्याच्याकडं नुस्तं बघत बसायचं व्हय? सोयरीक जुळवाय आलोय का आमी?"

दुसऱ्या कॉलेजात मशीन चालू होतं. निळे एप्रन घातलेल्या मुली त्यावर काम करत होत्या. मला वाटलं, चला, सुटलो. तर मामांची नजर त्या मुलींच्या ग्रीसनं काळ्या झालेल्या हातांवर गेली आणि तिथंही भडका उडाला. भाचीचे हात असे झाले तर तिला करून कोण घेणार, हे ते भर वर्कशॉपात, त्या मुलींच्या तोंडावर बोलले. माझं डोकंच फिरलं. पण माझ्याआधी गौरी बोलली.

"मामा, हात माझं हाईत. मी हितंच शिकणार."

मामा तिथूनच रिक्षा करून गेले. दसऱ्याला सोनं द्यायलाही फिरकले नाहीत. बायको डोळे पुसत बसली. आयुष्य माझ्या लेकीचं, आणि रुसायचं ह्यांनी!

भाऊबीजेला मात्र आले. माझ्याकडं न बघता आत गेले. गौरीनं पाण्याचा तांब्या पुढं केला. तिच्या नखांत आणि बोटांच्या पेरांत काळं बसलेलं होतं. मामांनी तिला मनगटाला धरून मोरीवर नेलं आणि कपड्याची पावडर घेऊन स्वतः तिचे हात घासायला बसले. तोंडानं कॉलेजला, कारखान्याला आणि मला शिव्या चालूच होत्या. निघत न्हाय ते, असं गौरी दोनदा म्हणाली, तरी ते घासतच राहिले. मग हात थांबले, शिव्याही थांबल्या. आपल्या खांद्यावरच्या टॉवेलनं त्यांनी तिचं एकेक बोट पुसलं.

"दुखतंय का गं?" त्यांनी विचारलं.

या माणसाला इतक्या हळू बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. त्यांना सुनावायचं म्हणून दिवाळीपर्यंत मी कितीतरी घोकून ठेवलं होतं. ओवाळून झाल्यावर ते माझ्याच शेजारच्या पाटावर जेवायला बसले, आणि ते सगळं तसंच ठेवून मी त्यांच्याच ताटात आधी तूप वाढलं.